शिवाजी पार्कचे दोन कावळे आणि दख्खनचा लांडगा

दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याला संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांसोबत कुत्रीही असतात. कमरेपर्यंत येणारा ग्रेट डेन, काखेत मावेल असा पॉमेरेनियन, चपट्या नाकाचा आणि घरघरत श्वास घेणारा पग, आणि या साऱ्यांकडे फुटपाथवरून रोखून पाहणारा शेपटी वळवलेला गावठी कुत्रा. कुत्रा कधीच न पाहिलेल्या माणसापुढे हे चौघे उभे केले, तर तो त्यांना चार वेगळे प्राणी समजेल. जीवशास्त्र मात्र त्यांना एकाच प्रजातीत बसवतं.

आता मान वर करून झाडांकडे पाहावं. तिथे दोन कावळे बसलेले असतात. एकाची मान राखाडी, दुसरा नखशिखांत काळा. बाकीचा फरक शोधावा लागतो. या दोघांना जीवशास्त्र दोन स्वतंत्र प्रजाती मानतं. जन्म दादरमध्ये काढलेल्या कितीतरी जणांच्या लेखी मात्र तो नुसता ‘कावळा’ असतो.

चार वेगळे दिसणारे प्राणी एक आणि दोन सारखे दिसणारे पक्षी दोन, हे ठरतं कशावरून? प्रश्न शाळकरी वाटतो, पण जीवशास्त्रातल्या सर्वांत चिवट वादांपैकी तो एक आहे. प्रजातीच्या वीसहून अधिक व्याख्या आजवर मांडल्या गेल्या आहेत आणि सर्व सजीवांना लागू पडेल अशी एकही त्यांत नाही. ही शास्त्रज्ञांची कुचराई नव्हे. उत्क्रांती ज्या रीतीने एकाच्या दोन प्रजाती घडवते, त्या रीतीतच ही अडचण आहे.

दिसतं तसं नसतं

स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दी लॅटिन नावं देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा काम सोपं वाटत होतं. प्रत्येक प्रजाती जशी आहे तशीच निर्माण झाली, असं तेव्हा बहुतेक जण मानत. त्यामुळे तिचा एक चांगला नमुना मिळवायचा, वर्णन लिहायचं, नाव द्यायचं आणि नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा, एवढंच उरत होतं. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या ‘हॉर्नबिल हाउस’मध्ये असे हजारो नमुने आजही आहेत. पायाला चिठ्ठी बांधलेला पक्षी, चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख.

या पद्धतीने आपले दोन कावळे सहज वेगळे होतात. राखाडी मानेचा तो गावकावळा, ‘कॉर्व्हस स्प्लेंडेन्स’. पूर्ण काळा तो डोमकावळा. जवळून पाहिलं तर डोमकावळा अंगाने मोठा असतो, त्याची चोच जाड असते आणि वरची कड कमानीसारखी वाकलेली असते. आवाजही खर्जातला. गावकावळ्याचं ‘काव काव’ त्याच्यापुढे पातळ वाटतं. सवयीही वेगळ्या आहेत. गावकावळा माणसाशिवाय सहसा राहत नाही आणि रात्री मोठ्या थव्याने एकत्र झोपतो. डोमकावळा जंगलातही राहतो, शहरातही. द्वीपकल्पात त्याची वीण साधारण डिसेंबर ते एप्रिलमध्ये होते, तर गावकावळ्याची मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये. पितृपक्षात दादर चौपाटीवर पिंडाला दोघांपैकी कोणीही शिवलेलं चालतं, पण घरटं बांधताना हे दोघे एकमेकांकडे ढुंकून पाहत नाहीत.

पण दिसण्याची कसोटी दोन्ही बाजूंनी दगा देते. याच कावळ्यांच्या घरट्यात अंडी घालणारी कोकिळा पाहा. नर चकचकीत काळा, मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके. दोघे वेगवेगळ्या देशांतून आलेल्या दोन पेट्यांतून निघाले असते, तर कुणीही त्यांना दोन पक्षी समजलं असतं. अशा चुका जुन्या निसर्गअभ्यासकांकडून अनेकदा झाल्या. दादरच्या बाजारात हापूस, पायरी आणि तोतापुरी शेजारी मांडलेले असतात. आकार, रंग, चव सगळं वेगळं, तरी तिन्ही ‘मँगिफेरा इंडिका’. कुत्र्यांचंही तेच. माणसाने निवड करून करून रूप पार बदललं, प्रजाती तीच राहिली.

उलट बाजूचं उदाहरण हरणटोळाचं. झाडाच्या फांदीसारखा हिरवा, सडपातळ, लांब नाकाचा हा साप महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. श्रीलंकेपासून सह्याद्रीपर्यंत तो एकच प्रजाती समजला जाई. अशोक मल्लिक आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या एका नावाखाली अनेक वंशरेषा दडलेल्या निघाल्या. जुनं नाव श्रीलंकेतल्या सापाकडे राहिलं आणि उत्तर सह्याद्रीतल्या हरणटोळाला ‘अहेटुला बोरिअॅलिस’ हे नवं नाव मिळालं. साप होता तिथेच होता, तसाच होता. डोळ्यांना न दिसणारा फरक डीएनएने दाखवला.

सोयरिकीची कसोटी

दिसण्यावर भरवसा नाही, तर मग कशावर? जर्मनीत जन्मलेले पक्षीशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली दिलेलं उत्तर आजही पाठ्यपुस्तकांत पहिलं येतं. निसर्गात जे जीव आपसांत प्रजनन करतात आणि इतरांशी करत नाहीत, त्यांची एक प्रजाती. मायर हे बर्लिनच्या एर्विन श्ट्रेझेमान यांचे शिष्य. आपले सालिम अलीही १९२९ साली श्ट्रेझेमान यांच्याकडेच शिकायला गेले होते. भारतीय पक्ष्यांचं वर्गीकरण या विचाराच्या छायेत वाढलं ते असं.

या व्याख्येचं बळ असं की प्रजाती वेगळ्या होतात कशा, हेही ती सांगते. समजा, एका प्रजातीचे जीव एका मोठ्या प्रदेशात पसरले आहेत. मध्ये नदी आली, खिंड रुंदावली किंवा जंगल तुटलं आणि त्यांचे दोन गट झाले. आता एका गटात झालेला जनुकीय बदल दुसऱ्यात पोहोचत नाही. जनुकीय बदल म्हणजे डीएनएच्या मजकुरात झालेला छोटा फेरफार. तो प्रत्येक पिढीत थोडाथोडा होतच असतो. एका बाजूला आवाज किंचित बदलतो, दुसरीकडे विणीचा महिना सरकतो, तिसराच एखादा बदल रंगात होतो. हजारो पिढ्यांनी दोन्ही गट पुन्हा समोरासमोर आले, तर काय घडेल? एकमेकांची साद ओळखू आली नाही तर जोड्या जमणार नाहीत. जमल्या तरी पिल्लं जगणार नाहीत, किंवा जगतील पण वांझ निपजतील. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. ही विषम संख्या जोड्या लावून वाटताच येत नाही, म्हणून खेचराला सहसा संतती होत नाही. जनुकांचा रस्ता तिथे बंद होतो.

कुत्र्यांमध्ये तो रस्ता बंद झालेला नाही. ग्रेट डेन आणि पॉमेरेनियन यांची थेट जोडी जमणं अवघड; पण मधल्या आकाराच्या कुत्र्यांमार्फत एकाची जनुकं दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून ते एक. कावळ्यांमध्ये तो बंद आहे, म्हणून ते दोन.

मग वाद कसला?

कर्नल साईक्सची तीन नावं

वाद समजण्यासाठी दोनशे वर्षं मागे, दख्खनच्या माळावर जावं लागतं. विल्यम हेन्री साईक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. पेशवाई बुडाल्यानंतर १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं. पीकपाणी, लोकसंख्या, हवामान नोंदवता नोंदवता त्याने इथल्या प्राणी-पक्ष्यांचेही नमुने जमवले आणि १८३१-३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांच्या याद्या मांडल्या.

त्या याद्यांत त्याने दिलेल्या नव्या नावांपैकी तीन इथे पाहू. कोळसुंद्याला, म्हणजे जंगली कुत्र्याला, ‘कॅनिस दुखुनेन्सिस’. इथल्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपीस’. आणि डोमकावळ्याला ‘कॉर्व्हस कल्मिनेटस’. तिन्ही त्याच्या मते नव्या, स्वतंत्र प्रजाती.

तिघांचं नशीब तीन वाटांनी गेलं. दख्खनचा कोळसुंदा सायबेरियातून आधीच नोंदवलेल्या ‘क्युऑन अल्पायनस’मध्ये विलीन झाला; साईक्सचं नाव उपप्रजातीपुरतं उरलं. उपप्रजाती म्हणजे त्याच प्रजातीचा, विशिष्ट प्रदेशातला, थोडा वेगळा गट. लांडगाही जगभरच्या करड्या लांडग्याची उपप्रजाती ठरला. त्याची गोष्ट अजून संपलेली नाही, ती पुढे येईलच.

डोमकावळ्याचा निकाल तर आजही लागलेला नाही. जावा बेटावरच्या अशाच काळ्या कावळ्याला १८२७ साली ‘कॉर्व्हस मॅक्रोऱ्हिंकोस’ हे नाव मिळालं होतं. विसाव्या शतकात दख्खनचा, हिमालयातला आणि पूर्वेकडचा डोमकावळा असे सगळे या एका नावाखाली आले. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्या पक्ष्यांवरच्या ‘हँडबुक’मध्ये तो असाच आहे. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांनी २००५ सालच्या दक्षिण आशियाई पक्ष्यांच्या ग्रंथात आवाज आणि शरीरयष्टी यांच्या आधारे साईक्सचा कावळा पुन्हा वेगळा काढला. तेव्हापासून पक्ष्यांच्या काही जागतिक याद्या तो स्वतंत्र प्रजाती मानतात, काही मानत नाहीत. शिवाजी पार्कवरच्या एका फांदीवर बसलेला एकच पक्षी कोणती यादी उघडली यावर आपलं नाव बदलतो.

साईक्सचंच नाव लागलेला एक छोटा वटवट्याही आहे. त्याने १८३२ मध्ये त्याला वेगळा म्हटलं, मग दीर्घकाळ तो दुसऱ्या एका वटवट्याची उपप्रजाती गणला गेला, आणि २००० च्या सुमारास पुन्हा स्वतंत्र झाला. लष्करी अधिकाऱ्याची नजर शाबूत होती म्हणायची.

जिथे कसोटी लागूच पडत नाही

डोमकावळ्याचा निकाल का लागत नाही? दख्खनचा आणि जावाचा कावळा एकमेकांना भेटतच नाहीत, म्हणून. सोयरिकीची कसोटी घ्यायची तर दोन्ही पक्ष एका मांडवात यायला हवेत. ते जमले असते का, हा अंदाजच राहतो.

सह्याद्रीत हा प्रश्न पावलोपावली भेटतो. ‘निमास्पिस’ गटातल्या बोटभर लांबीच्या पाली इथल्या कातळांवर आणि झाडांवर दिवसाउजेडी फिरतात. त्यांना गर्द सावली आणि ओल लागते. मधला उघडा, तापलेला माळ त्या ओलांडत नाहीत. त्यामुळे डोंगर बदलला की पाल बदलते. कासच्या पठारावरून २०१४ साली ‘निमास्पिस गिरी’ नोंदवली गेली. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावाने. आंबोलीहून २०१८ साली ‘निमास्पिस अंबोलिएन्सिस’. कासची पाल आंबोलीच्या पालीला आयुष्यात भेटणार नाही. मग अभ्यासक खवल्यांची मोजमापं घेतात, डीएनए वाचतात आणि फरक पुरेसा आहे का ते ठरवतात. ‘पुरेसा’ म्हणजे किती, यावर एकमत नाही. डीएनए कितीही बारकाईने वाचता येतो. इतका की एकाच प्रजातीच्या दोन डोंगरांवरच्या वस्त्याही वेगळ्या दाखवता येतील. रेघ कुठे ओढायची हे यंत्र सांगत नाही.

काही जीवांत नर-मादीचा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या तळमजल्यावरच्या घरांत, मोरीत किंवा कुंडीच्या मातीत गांडुळासारखा काळपट, चकाकणारा एक जीव वळवळताना दिसतो. तो वाळा, पूर्ण निरुपद्रवी साप. वाळ्याच्या या प्रजातीत नर आढळत नाही. सगळ्या माद्या, आणि त्या नराशिवायच अंडी घालतात. पिल्लं आईची जनुकीय नक्कल असतात. कुंड्यांतल्या मातीतून हा साप जगभर पोहोचला, कारण नव्या देशात वस्ती करायला एकच मादी पुरते. मायर यांची व्याख्या अक्षरशः लावली, तर प्रत्येक वाळा स्वतंत्र प्रजाती ठरेल. जिवाणूंच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. ते तर अगदी दूरच्या जिवाणूंकडूनही जनुकांचे तुकडे उचलतात.

आणि जे उरलेच नाहीत त्यांचं काय? शिवाजी पार्कपासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर वरळीची टेकडी आहे. तिथल्या खडकाच्या थरांत छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. आज त्यांना ‘इंडोबॅट्राकस’ म्हणतात. दख्खनचे लाव्हारस वाहत होते त्या काळातले, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे हे बेडूक. सह्याद्रीत आज अशा झुडपी बेडकांच्या प्रजाती आहेत की ज्या दिसायला जवळपास सारख्या, पण नराची साद ऐकली की वेगळ्या कळतात. वरळीच्या बेडकांची साद खडकात उरलेली नाही. तिथे हाडांवरच निकाल द्यावा लागतो आणि एका नावाखाली खरोखर किती प्रजाती दडल्या आहेत हे कळायला मार्ग नाही.

बारा कोसांवर बदलणारा पक्षी

सर्वांत विलक्षण उदाहरण हिवाळ्यात मुंबईतल्या झाडांवर येणाऱ्या एका चिमुकल्या पाहुण्याचं आहे. हिरवट पाठीचा हा पर्णवटवट्या पानांआड किडे टिपत फिरतो. दिसण्याआधी त्याची चिवचिव कानावर पडते. उन्हाळ्यात तो उत्तरेला वीण करतो. त्याची गोष्ट समजायला आधी बोलींचं उदाहरण घ्यावं.

पालघरपासून कारवारपर्यंत किनाऱ्याने गावोगाव चालत गेलं, तर प्रत्येक गावाला शेजारच्या गावाची बोली समजते. बदल होतो, पण कळत न कळत. दोन टोकांची माणसं एकत्र आणली तर मात्र एकमेकांचं बोलणं उमगताना पंचाईत होते. मध्ये कुठे बोट ठेवून ‘इथे एक बोली संपली’ म्हणावं?

या वटवट्याच्या गाण्याचं हुबेहूब तसंच झालं आहे. त्याच्या वस्त्या हिमालयापासून तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून वर सायबेरियापर्यंत कड्यासारख्या पसरल्या आहेत. हिमालयापासून पश्चिमेच्या अंगाने वर जाताना गाणं हळूहळू बदलतं, पूर्वेच्या अंगानेही बदलतं, पण वेगळ्या तऱ्हेने. सायबेरियात दोन्ही टोकं पुन्हा भेटतात, तेव्हा पश्चिमेचा पक्षी पूर्वेच्या पक्ष्याचं गाणं ओळखत नाही आणि जोड्या जवळपास जमत नाहीत. टोकं पाहिली तर दोन प्रजाती. वळशाने चालत गेलं तर शेजाऱ्याशी शेजारी जोडलेला. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ही गोष्ट गाण्यांच्या आणि डीएनएच्या पुराव्यांसह मांडली. पुढे संपूर्ण जनुकसंच तपासल्यावर कळलं की हे कडं वाटलं तितकं सलग नव्हतं. इतिहासात ते काही ठिकाणी तुटलं होतं आणि सायबेरियात थोडा संकरही झाला आहे. त्यामुळे सोपी गोष्ट थोडी अवघड झाली, पण मूळ मुद्दा पक्का झाला. एकाच्या दोन प्रजाती एका दिवसात होत नाहीत, आणि निसर्गात आपल्याला त्या बऱ्याचदा अर्ध्या वाटेवर भेटतात.

अमेरिकी शास्त्रज्ञ केव्हिन डी क्विरोझ यांचं म्हणणं इथे उपयोगी पडतं. त्यांच्या मते प्रजाती म्हणजे स्वतंत्रपणे उत्क्रांत होणारी वंशरेषा, याबद्दल खरं तर बहुतेकांचं एकमत आहे. भांडण होतं ते पुराव्यावरून. दोन वंशरेषा दुरावत जाताना आधी डीएनए वेगळा होईल, मग आवाज, मग रूप, शेवटी प्रजनन थांबेल. किंवा हाच क्रम उलटसुलटही होईल. प्रत्येक व्याख्या या प्रवासातला एकेक टप्पा पकडून बसली आहे.

चौकट : चार कसोट्या, चार अडचणी

*रूप* – संग्रहालयात आणि जीवाश्मांसाठी हीच हाताशी असते. कोकिळेच्या नर-मादीत आणि हरणटोळात फसते.

*प्रजनन* – जिवंत आणि एकत्र राहणाऱ्या प्राण्यांसाठी उत्तम. दूर राहणारे, नराशिवाय वाढणारे आणि नामशेष झालेले जीव तिच्या बाहेर राहतात.

*वंशावळ (डीएनए)* – लपलेले फरक दाखवते. किती फरक पुरे, हे माणसालाच ठरवावं लागतं.

*राहणी* – कोण कुठे राहतं, काय खातं, कोणाला चावतं. पुढे येणाऱ्या डासांच्या गोष्टीत हिचं मोल कळेल.

अंड्यांवरच्या खुणा

नावांचा हा खल अभ्यासकांपुरताच आहे असं वाटत असेल, तर मलेरियाकडे पाहावं. युरोपात शंभर वर्षांपूर्वी एक कोडं होतं. काही भागांत मलेरियाचे म्हणून ओळखले जाणारे डास भरपूर, पण मलेरिया नाही. इटलीतले आरोग्य अधिकारी दोमेनिको फालेरोनी यांनी १९२६ साली दाखवलं की एकसारख्या दिसणाऱ्या या डासांच्या माद्या वेगवेगळ्या नक्षीची अंडी घालतात आणि मादीगणिक ती नक्षी ठरलेली असते. त्या सुतावरून पुढे कळलं की तो एक डास नव्हताच. जुळ्यासारख्या दिसणाऱ्या अनेक प्रजाती होत्या. काही माणसाला चावत, काही गुरांवरच भागवत.

भारतातही तेच निघालं. ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा ‘अॅनोफिलिस क्युलिसिफेसिस’ हा एक डास नसून पाच जुळ्या प्रजातींचा समूह आहे. त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं दिली आहेत. बी बहुतेक ठिकाणी मलेरियाच्या प्रसारात फारसा भाग घेत नाही, ए घेतो. कीटकनाशकांना दाद देण्यातही त्यांच्यात फरक आहे. डोळ्यांनी हे डास ओळखता येत नाहीत. ज्या गावात बी आहे तिथे फवारणी करायची आणि ज्या गावात ए आहे ते सोडायचं, असं घडलं तर पैसा जातो आणि ताप राहतो.

मुंबईचा डास ‘अॅनोफिलिस स्टीफेन्साय’. त्याला हे नाव विल्यम ग्लेन लिस्टन यांनी १९०१ साली दिलं, एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरच्या अभ्यासातून. हेच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेत प्लेगवर काम करत होते. तिला नंतर हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. चार्ल्स बेंटले यांच्या १९११ सालच्या अहवालाने मुंबईच्या मलेरियाचं मूळ घरोघरच्या विहिरींत शोधलं, ते याच डासामुळे. आज तो टाक्यांत आणि बांधकामांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो.

याही डासाचे तीन प्रकार आहेत आणि ते ओळखायचे अंड्यावरच्या तरंगत्या पिशवीच्या कडांवरून. सूक्ष्मदर्शकाखाली या कडा मोजतात. शहरी प्रकारात त्या १४ ते २२ असतात, ‘मायसोरेन्सिस’ या ग्रामीण प्रकारात ९ ते १५, आणि मधल्या प्रकारात १२ ते १७. आकडे एकमेकांत घुसलेले आहेत, हे लक्षात घ्यावं. १५ कडांचं अंडं हाती आलं तर ते तिन्हींपैकी कोणाचंही असू शकतं. शहरी प्रकार मलेरिया जोरात पसरवतो. मायसोरेन्सिस भारतात बहुतांशी गुरांना चावतो. हे एकाच प्रजातीचे तीन प्रकार की तीन प्रजाती, यावर मतभेद आहेत. २०१२ साली हा डास आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि तेव्हापासून त्या खंडात पसरतो आहे, त्यामुळे या प्रश्नाला आता नवी निकड आली आहे.

लांडगा, कुत्रा आणि माळरान

आता साईक्सच्या लांडग्याकडे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर धनगरांच्या मेंढ्यांमागे फिरणारा हा लांडगा उत्तरेकडच्या लांडग्यापेक्षा लहान आणि विरळ केसांचा असतो. तो करड्या लांडग्याची एक उपप्रजाती, हे दीर्घकाळ गृहीत होतं. या शतकात डीएनएने ते हलवलं. भारतातल्या काही शास्त्रज्ञांनी त्याला ‘कॅनिस इंडिका’ ही स्वतंत्र प्रजाती मानावं असं सुचवलं. लॉरेन हेनेली आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली संपूर्ण जनुकसंच वाचून दाखवलं की भारतीय लांडग्याची वंशरेषा जगातल्या आज हयात असलेल्या लांडग्यांमधल्या सर्वांत जुन्या रेषांपैकी आहे. वंशावळीची कसोटी लावली तर साईक्स बरोबर ठरतो.

सोयरिकीची कसोटी मात्र वेगळंच बोलते. पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर लांडग्यांमध्ये रंगाने वेगळे दिसणारे प्राणी पुण्याच्या ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’च्या कार्यकर्त्यांच्या नजरेस पडले. बंगळूरूच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा लांडगा आणि कुत्रा यांचा संकर आहे. हा संकर वांझ नसतो. लांडगा-कुत्र्याची पिल्लं पुन्हा लांडग्यांशी किंवा कुत्र्यांशी जोडी जमवू शकतात. मायर यांची व्याख्या काटेकोर लावायची, तर लांडगा आणि कुत्रा एकच. अनेक याद्यांत कुत्र्याचं नाव ‘कॅनिस ल्यूपस फॅमिलिअॅरिस’, म्हणजे लांडग्याचीच उपप्रजाती असं आहेही. इतर याद्यांत तो लिनियसने दिलेलं ‘कॅनिस फॅमिलिअॅरिस’ हे स्वतंत्र नाव टिकवून आहे. किमान १५,००० वर्षांपूर्वी लांडग्यांच्या एका, आज नामशेष झालेल्या, शाखेतून कुत्रा निघाला. त्यानंतर दोघांचं आयुष्य इतकं वेगळं झालं की निसर्गात ते सहसा मिसळत नाहीत. पण ‘सहसा’ म्हणजे ‘कधीच’ नव्हे. लांडगे विरळ झाले, जोडीदार मिळेनासा झाला आणि गावाभोवती मोकाट कुत्री वाढली की हा बांध फुटतो.

युरोपातल्या दोन कावळ्यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली आहे. एक पूर्ण काळा, एक राखाडी अंगाचा. लिनियसने दोघांना वेगळी नावं दिली. मध्य युरोपातल्या एका अरुंद पट्ट्यात ते मिसळतात आणि पिल्लं धडधाकट असतात. दोघांचे जनुकसंच २०१४ साली ताडून पाहिले तेव्हा ते जवळजवळ सारखे निघाले. ठळक फरक होता तो पिसांच्या रंगाशी आणि दृष्टीशी संबंधित थोड्या भागात. तरीही शेकडो पिढ्या ते आपल्यासारखाच जोडीदार निवडत आले आहेत आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे पक्षी टिकून आहेत. थोडा संकर झाला म्हणून वेगळेपण पुसलं जातंच असं नाही, आणि डीएनएत फरक थोडा म्हणून ते खोटंही ठरत नाही.

लांडग्याच्या बाबतीत हा युक्तिवाद महत्त्वाचा आहे, कारण निकालावर पैसा आणि कायदा अवलंबून असतो. जगभर पसरलेल्या करड्या लांडग्याची उपप्रजाती म्हटलं की तो धोक्याबाहेरचा दिसतो. स्वतंत्र प्रजाती म्हटलं की चित्र पालटतं: भारतात त्याची संख्या अंदाजे ३,००० आहे आणि बहुतेक लांडगे संरक्षित जंगलांबाहेर, सरकारदप्तरी ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या माळांवर राहतात. आपल्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत टाकून सर्वोच्च संरक्षण दिलं आहे, पण तो राहतो त्या जमिनीला नाही. त्याच्या लॅटिन नावाचा वाद अजून बरीच वर्षं चालू शकतो. माळरानाच्या कडेच्या गावांत मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज-डिस्टेंपरचं लसीकरण मात्र त्या निकालाची वाट न पाहता आत्ताच व्हायला हवं.